लेन्सपुढची प्रत्येक काच

मु. पेण

चि. भाच्यास,


कॅमेरा घेतलास आणि दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी टिपायला निडीहून रोह्याला गेलास, हे वाचून फार आनंद झाला. फोटो नीट पाहिले. काळोखातल्या फोटोंत दिव्यांच्या विरुद्ध बाजूला हिरवट ठिपके उमटले आहेत, ते कशामुळे, असं तू विचारलंस. दुकानदाराने लिहून दिलेली सामानाची यादीही पाठवलीस. दोन्हींचं उत्तर एकच आहे: लेन्सपुढे चढवलेली प्रत्येक काच प्रकाशाकडून काहीतरी घेते. त्या बदल्यात ती काही देत असेल तरच चढवावी.

प्रकाश हवेतून साध्या काचेत शिरताना सुमारे ४ टक्के परत फिरतो आणि काचेतून बाहेर पडताना तेवढाच पुन्हा. तुझ्या १८-५५ एसटीएम लेन्समध्ये १३ भिंगं आहेत. इतकी का, तर एकटं भिंग लाल आणि निळा रंग एकाच ठिकाणी आणू शकत नाही, कडा पुसट करतं, सरळ रेघ वाकवतं. एका भिंगाचा दोष दुसऱ्याने काढायचा, अशी ती सगळी रचना असते. काही भिंगं एकमेकांना चिकटवलेली असल्यामुळे त्यांचे ११ गट होतात, म्हणजे हवा आणि काच भेटतात अशा २२ जागा. काचेवर परावर्तन कमी करणारं कोटिंग नसतं तर आत शिरलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४० टक्के सेन्सरपर्यंत पोचला असता. उरलेला सगळा बाहेर जात नाही. त्यातला काही भिंगांमध्येच उसळत राहतो आणि फोटोभर पसरतो. मग काळा रंग राखाडी दिसतो.

ही अडचण जुनी आहे. झाईसच्या पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली प्लानार ही सहा भिंगांची लेन्स रचली. रचना उत्तम होती, पण आतल्या परावर्तनामुळे चित्र फिकट यायचं आणि ती मागे पडली. त्याच रुडॉल्फ यांची १९०२ मधली चार भिंगांची टेसार मात्र जगभर चालली. १९३५ साली झाईसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिपातळ थर चढवून परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली, आणि पुढे प्लानारसारख्या रचनांना त्यांचं खरं मोल मिळालं. आजच्या अनेक थरांच्या कोटिंगमुळे एका पृष्ठभागावरचं परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतं. मग त्याच २२ जागा ओलांडून ९० टक्के प्रकाश आत पोचतो. लेन्सवर जांभळी-हिरवी झाक दिसते ती या थरांची. तिला जप.

आता तुझे ठिपके. सेन्सरवर पडलेल्या प्रकाशातला थोडा परत पुढे येतो. तू लावलेल्या यूव्ही फिल्टरची काच सपाट आहे. तिच्यावर आपटून तो पुन्हा सेन्सरवर जातो आणि दिव्याची उलटी प्रतिमा उमटते. फोटोत दिव्यापासून मध्यबिंदूतून रेघ ओढ. पलीकडे तेवढ्याच अंतरावर ठिपका सापडला तर गुन्हेगार फिल्टरच. तो काढून तोच दिवा पुन्हा टिप, ठिपके गेलेले दिसतील.

यूव्ही फिल्टर फिल्मच्या काळात कामाचा होता. डिजिटल सेन्सरपुढे अतिनील किरण अडवायची सोय आधीच केलेली असते. रेवदंड्याला समुद्राचे शिंतोडे उडत असतील, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग टिपायचं असेल, किंवा पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्ती घासताना प्लास्टरची धूळ उडत असेल, तिथे फिल्टर जरूर लाव, पण चांगल्या कोटिंगचा. काम झालं की काढ. एरवी धक्क्यापासून लेन्सला जपायला हूड पुरतो. चौकटीबाहेरून तिरका येणारा प्रकाश तो अडवतो आणि मध्ये काचही आणत नाही. मात्र त्याच लेन्ससाठी बनवलेला घे, नाहीतर कोपरे काळे पडतील. आणि तो सरळ लाव. उलटा लावून मिरवण्यात काहीच अर्थ नाही.

यादीतली पुढे स्क्रूने बसवायची ‘टेली’ आणि ‘वाइड’ जोडभिंगं सरळ खोडून टाक. तेरा भिंगांनी जुळवून आणलेलं गणित ती स्वस्त काच बिघडवते. २एक्स टेलिकन्व्हर्टरही नको. तो दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), एफ/५.६ चं एफ/११ करतो, आणि लेन्सचे दोषही दुप्पट मोठे करून दाखवतो.

पोलरायझर मात्र घे. तोही एक ते दीड स्टॉप प्रकाश घेतो, पण देतो ते कॉम्प्युटरवर नंतर मिळत नाही. पावसानंतर भाताच्या ओल्या पात्यांवर आभाळाची पांढरी चमक बसते, ती तो काढतो आणि खरा हिरवा रंग समोर येतो. कुंडलिकेच्या पाण्यावरची चमक काढून तळाचे दगडही दाखवतो. सूर्य डाव्या किंवा उजव्या हाताला असताना त्याचा परिणाम आभाळावर सर्वांत जास्त दिसतो. रात्री तो लावू नकोस.

आपल्या भागात लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू यादीत नसतोच. तो म्हणजे बुरशी. जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला फंगस लागते. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते. तिच्यातून सुटणारं आम्ल कोटिंग खातं. मग साफ करून बुरशी जाते, डाग राहतो. म्हणून घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेव. आकडा ४० ते ५० मध्ये असू दे. जेलचा रंग पालटला की सूचनेप्रमाणे तापवून ते पुन्हा वापर. कातडी पाऊच ओलावा धरतो, तो वापरू नकोस. तांदळात लेन्स पुरून ठेवतात, तेही करू नकोस. तांदूळ फारसा ओलावा ओढत नाही आणि त्याची पिठी फटींत शिरते. महिन्यातून एकदा टॉर्च तिरका धरून लेन्समधून आरपार बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लगेच जाणकाराकडे ने.

पुढच्या भिंगावरचा धुळीचा एखादा कण फोटोत सहसा दिसत नाही, पण बोटाचा तेलकट ठसा सगळं चित्र फिकट करतो. आधी ब्लोअर, मग ब्रश, शेवटी मायक्रोफायबरचं कापड. शर्टाच्या टोकाने कधी पुसू नकोस.

यादीतले पैसे वाचले तर ५० मिमी एफ/१.८ घे. तिच्यात सहाच भिंगं, पाच गटांत. तुझी झूम ५५ वर एफ/५.६ देते, त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश ही आत घेते. पालखीच्या उजेडात तिचा उपयोग कुठल्याही फिल्टरहून जास्त होईल.

तेव्हा खरेदीचा क्रम असा: हूड, डबा आणि सिलिका जेल, पोलरायझर, मग ५० मिमी. यापलीकडची काच कुणी दाखवली तर एकच विचार, ‘ही घेते किती आणि देते काय?’ उत्तर मिळाल्याशिवाय पैसे काढू नकोस.

तुझा,
मामा