तटाबाहेरची रात्र

आमच्या नवागामच्या मुलांना घेऊन आम्ही मालवणला शिबिरासाठी गेलो होतो. मुले बहुतेक धुळे-नंदुरबारकडच्या घरांतली. कुणाचे आजोबा, कुणाचे वडील लूमवर काम करायला सुरतेला आले आणि मुले इथेच जन्मली. दिवसा होडीने जाऊन सिंधुदुर्ग पाहिला. रात्री किनाऱ्यालगत माडांच्या वाडीत तंबू ठोकले. पिठलं-भात झाला. समोर काळोखात तटाची रेघ तेवढी दिसत होती.

मी नेहमीप्रमाणे सांगू लागलो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. पायात शिसे ओतले. भोवती खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी. त्याच वर्षीच्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, हेही ओघाने आले. तेव्हा आठवीतली एक मुलगी म्हणाली, "सर, सुरत आपण लुटली, की आपण लुटले गेलो?"

मुले हसली. मला हसता आले नाही. साताऱ्याच्या मुलाला हा प्रश्न पडणार नाही. त्याचे 'आपण' ठरलेले असते. आमच्या मुलांचे घरातले 'आपण' एक आणि गल्लीतले दुसरे.

उत्तरे माझ्याजवळ होती. शाइस्ताखानाने तीन वर्षे पुणे प्रांत उजाड केला होता; सुरत हे मोगलांचे श्रीमंत बंदर; लूट झाली ती राज्य उभे करण्यासाठी, चैनीसाठी नव्हे. हे सारे खरे आहे. पण कारण कळले म्हणून ज्याचे घर रिकामे झाले त्याची पेटी भरत नाही.

'तो काळच वेगळा होता' असे म्हणून सुटावे, तर तेही जमत नाही. फ्रेंच प्रवासी बर्नियर लिहितो की, डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर शिवाजी महाराजांनी वगळले, कारण तो मोठा दानशूर होता असे त्यांना समजले होते. म्हणजे कुणाला हात लावावा नि कुणाला लावू नये, हा विवेक त्या धामधुमीतही जागा होता. मग आजच्या मुलीने तोच प्रश्न विचारला, तर तिला गप्प बसवण्याचा आपल्याला काय अधिकार?

आणि किल्ला तर सुरतेलाही होता. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून शहराचे रक्षण व्हावे म्हणून सोळाव्या शतकात तापीकाठी तो बांधला गेला. प्रसंग आला तेव्हा सुभेदार इनायतखान आत जाऊन बसला, दरवाजे लागले आणि शहर बाहेर राहिले. किल्ल्याची खरी परीक्षा तटाच्या जाडीवर नसते, दार लागताना बाहेर कोण राहिले यावर असते. आम्हीही त्या रात्री बाहेरच झोपलो होतो, म्हणूनच कदाचित हे सुचले.

सकाळी मी त्या मुलीला सांगितले, "दोन्ही. लुटलीही आपण, लुटले गेलोही आपण." वाडवडिलांची जमीन घेणाऱ्याला त्यांच्या देण्याची वही नाकारता येत नाही. अभिमानाचेही तसेच. देणे मान्य केल्याने महाराज लहान होत नाहीत. मान्य न करणारे आपणच लहान होतो. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्गासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. वारसा जगाचा, तर तो सुरतेचाही आहे. मात्र सुरतेला त्याची आठवण तिच्या बाजूने सांगू दिली पाहिजे.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, परीक्षेत काय लिहू?"

याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. हल्ली एवढेच करतो की, हा धडा सुरू करण्यापूर्वी वर्गाला तापीकाठच्या किल्ल्यावर नेतो आणि आत शिरण्यापूर्वी थोडा वेळ मुलांना दाराबाहेर उभे करतो.