सही कुणाची?

आमच्या भागात कॅन्सरचं नाव घेत नाहीत, 'तो रोग' म्हणतात. माझ्या चुलत्यांना, तात्यांना, तो झाला आणि तोही अपेंडिक्सचा. वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्यालाच होणारा. अपेंडिक्स काढलं की माणूस सुटला, एवढंच गावाला ठाऊक. तात्यांचं मात्र ते फुटून जेलीसारखा चिकट द्रव पोटभर पसरलेला. पोट सुटत गेलं तसे लोक म्हणायचे, "तात्यांना सून मानवली."

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोट उघडून दिसेल तेवढा रोग खरवडून काढायचा. मग ४१ ते ४३ अंशांपर्यंत तापवलेलं औषध तास-दीड तास पोटात फिरवायचं. सगळं मिळून दिवसभराचं ऑपरेशन. काहीजण पुढं वर्षानुवर्षं जगतात, काहीजण त्या ऑपरेशनमधून उठतच नाहीत.

घरी बैठक बसली. सगळे होते, तात्या सोडून. थोरला म्हणाला, "विहिरीकडचं दोन एकर काढू." धाकटा म्हणाला, "साठीतल्या माणसापायी पोरांनी काय खायचं?" दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. पण ज्याचं पोट चिरायचं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. "नाव ऐकून खचतील" म्हणे.

मायेपोटीच लपवतात, हे मला मान्य आहे. पण जमीन विकायची तर सातबाऱ्यावर नाव असलेल्याची सही लागते. मग देहाचा सातबारा कुणाच्या नावावर? शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची संमती त्याच्याकडूनच घ्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ सालीच सांगितलंय. आणि संमती द्यायची तर आधी रोगाचं नाव कळायला नको?

शेवटी काकूनंच सांगितलं. तात्या म्हणाले, "तुम्ही दाराआड कुजबुजायला लागला, तवाच कळलं मला." मग त्यांनी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारले : किती दिवस पडून राहावं लागंल? पुन्हा वावरात जाता येईल का? आणि घरी येऊन निकाल दिला, "करू या. पण एकच एकर विका. विहिरीला हात लावायचा न्हाई."

त्यानंतर तात्या पाच वर्षं जगले. म्हणून निर्णय बरोबर ठरला, असं मी म्हणत नाही. टेबलावरच गेले असते तरी तो त्यांचाच असता. आणि त्यांनी "नको" म्हटलं असतं, तर तेही आम्हाला ऐकावं लागलं असतं. अवघड आहे ते हेच.