निम्मी ज्वारी

स्वस्तात मिळालेली वस्तू स्वस्त का मिळाली, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. संध्याकाळी मंडईत मेथीची जुडी निम्म्या भावात मिळाली, तर ती पिशवीत टाकून आपण घरी येतो. विकणारीला घरी जायची घाई झालेली असते आणि उद्या ती जुडी सुकणार असते, हे तिलाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. पैसे दिले-घेतले की व्यवहार संपतो आणि व्यवहाराबरोबर विचारही संपतो. पण काही सौदे असे असतात, की ते पुरे होऊन महिने लोटल्यावर आपला जाब विचारायला दारात येऊन उभे राहतात. अशाच एका सौद्याची ही हकीकत आहे.

२०२० च्या जानेवारीत आम्ही उभयता मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. भारतातून आई-वडील आले म्हणजे त्यांना नायगारा दाखवायचा आणि नातवंडांच्या सुटीत फ्लोरिडातल्या ओरलँडोला न्यायचे, हा तिकडच्या मराठी घरांतला जवळजवळ कुळाचार झाला आहे. एप्रिलमधल्या सुटीचे सात दिवस ठरले. एका रात्री जेवणे झाल्यावर मुलाने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर दोन हिशेब होते. एका रिसॉर्टमध्ये सरळ हॉटेलासारखी खोली घेतली, तर सात रात्रींचे सुमारे ३,८०० डॉलर. तीच खोली कुणा सभासदाचे पॉइंट भाड्याने घेऊन मिळवली, तर १२६ पॉइंट, दर पॉइंटला १७ डॉलर, म्हणजे २,१४२ डॉलर. इमारत तीच, खोलीचे माप तेच, खिडकीतून दिसणारे तळेही तेच.

"बाबा, साडेसोळाशे डॉलर वाचले!" तो म्हणाला. मीही खूश झालो. मेथीच्या जुडीसारखाच.

हे पॉइंट म्हणजे काय, ते मला त्या रात्री समजावून घ्यावे लागले. समजल्यावर मात्र ते अगदी ओळखीचे वाटले. आमच्या गावी भाऊबंदांची एक सामाईक विहीर होती. आठ दिवसांची पाणीपाळी फिरत असे. त्यातले दोन दिवस आमचे. विहीर कापून वाटता येत नाही; वाटायचे ते दिवस. टाइमशेअर नावाचा जो प्रकार पाश्चात्त्य देशांत आहे, तो याच जातीचा. इमारत एक, हक्कदार पुष्कळ, आणि प्रत्येकाचा हक्क भिंतींवर नव्हे, तर वर्षातल्या काही दिवसांवर. युरोपात ही कल्पना १९६० च्या दशकात रुजली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही संस्था १९६३ सालची. अमेरिकेत आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून देणारी आरसीआय १९७४ साली निघाली. पुढे १९९१ साली डिस्नेने ओरलँडोजवळ आपला व्हेकेशन क्लब काढला, तेव्हा ठरावीक आठवड्याऐवजी पॉइंटांची पद्धत ठेवली. सभासदाला दर वर्षी काही पॉइंट मिळतात. गर्दीच्या दिवसांना आणि मोठ्या खोलीला जास्त पॉइंट लागतात, इतर वेळी कमी. आपल्या मूळ रिसॉर्टमध्ये अकरा महिने आधी जागा धरता येते, इतरत्र सात महिने आधी. यंदाचे पॉइंट पुढच्या वर्षासाठी राखता येतात, पुढच्या वर्षाचे यंदा वापरता येतात. पण मुदत संपली की उरलेले पॉइंट वाया जातात. वार्षिक देखभालीचे पैसे मात्र कुणी राहिले काय किंवा न राहिले काय, भरावेच लागतात. शिवाय हा हक्क जन्मोजन्मीचा नसतो. त्या क्लबच्या ओल्ड की वेस्ट या पहिल्या रिसॉर्टचे मूळ करार ३१ जानेवारी २०४२ रोजी संपणार आहेत.

ज्याला यंदा जाता येत नाही असा सभासद आपले पॉइंट दुसऱ्याला भाड्याने देतो. धंदा म्हणून असे करण्यास मनाई असते, पण अधूनमधून दिलेले चालते. आमची निवड ओरलँडोजवळच्याच एका रिसॉर्टची होती आणि आमची सभासद होती ओहायो राज्यातली एक निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या हयातीत दोघांनी हा हक्क घेतला होता. आता नवरा नव्हता, एकटीने जाण्याची इच्छा नव्हती, आणि देखभालीचे पैसे भरण्याची तारीख मात्र दर वर्षी बिनचूक येत होती. आमच्या साडेसोळाशे डॉलरांच्या आनंदाचा एक भाग या तिच्या अडचणीतून आला होता. त्या वेळी हे माझ्या मनात आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा भाग कोठून आला होता, ते मार्चमध्ये कळले. १६ मार्च २०२० पासून डिस्ने वर्ल्डची दारे बंद झाली. त्यातली उद्याने जुलैपर्यंत उघडली नाहीत. आमचे रिसॉर्टही बंद झाले. महिनाअखेरीपर्यंत भारताची विमानेही थांबली आणि आम्ही न्यू जर्सीतच अडकलो. ज्यांनी हॉटेलात सरळ खोली घेतली होती, त्यांचे पैसे परत आले. एरवीही अशा खोलीचे आरक्षण येण्याच्या पाच-सहा दिवस आधीपर्यंत मोडता येते. पॉइंटांच्या कागदावर मात्र आमच्या मुलाची सही होती आणि त्यात स्वच्छ लिहिले होते की, कोणत्याही कारणाने पैसे परत मिळणार नाहीत. खोली आमच्या नावावर होती. पण आरक्षण त्या बाईंच्या खात्यावर. रिसॉर्टच्या कचेरीत विचारणा करण्याचाही अधिकार आम्हांला नव्हता. कचेरीच्या दृष्टीने आम्ही कुणाचे तरी पाहुणे होतो, एवढेच.

घरात वाद सुरू झाला. मुलाचे म्हणणे असे : रिसॉर्टने बाईंना पॉइंट परत दिले. म्हणजे पॉइंटही त्यांच्याकडे आणि आमचे पैसेही त्यांच्याकडे. एका वस्तूचे त्यांना दोनदा मोल मिळाले. तेव्हा त्यांनी सगळे पैसे परत केले पाहिजेत. सुनेचे म्हणणे वेगळे. सही केली तेव्हा अट वाचली होती ना? मग आता अटीबद्दल तक्रार कशाला? बाईंचे उत्तर आले, ते सरळ होते. पैसे देखभालीच्या भरण्यात खर्च झाले होते. पॉइंट परत आले होते हे खरे. पण त्यांतले बरेचसे गेल्या वर्षी राखलेले, मुदत संपत आलेले. आणि जगच दाराआड बसले असताना ते भाड्याने घेणार कोण? शेवटी त्यांनी लिहिले होते, "योग्य काय, हे मला कळत नाही. तुम्हांला कळत असेल तर सांगा."

या शेवटच्या वाक्याने मी बेचैन झालो. कुणी "देत नाही, जा" म्हटले असते, तर भांडणे सोपे होते. "योग्य काय ते सांगा" म्हणणाऱ्याशी कसे भांडावे?

मला विहीर आठवली. आबांचे एक चुलतभाऊ मुंबईला गिरणीत होते. त्यांच्या वाट्याची पाणीपाळी आबा घेत आणि सुगीनंतर चार पायली ज्वारी त्यांच्या घरी घालीत. एका उन्हाळ्यात नेमके त्या दिवशी विहिरीची एक बाजू ढासळली. मोट दोन दिवस बंद राहिली. आमचा कांदा वाळला. विहीर साफ होईपर्यंत पाणीपाळी पुढच्या भावाकडे गेली होती. गेलेला दिवस परत फिरत नसे, असाच नियम होता. नाही तर सगळ्यांचीच साखळी तुटली असती. सुगी झाल्यावर आबांनी दोन पायली ज्वारी मोजली आणि मला पोत्याबरोबर पाठवले. आई म्हणाली, "पाणी मिळालं नाही, मग ज्वारी कशाची?" आबा म्हणाले, "नाडा तुटला असता तर चारही पायल्या दिल्या असत्या. त्यानं दुसऱ्याला पाणी दिलं असतं तर एक दाणा दिला नसता. विहीर कुणी पाडली नाही. ती दोघांची पडली."

आबा तिसरीपर्यंत शिकलेले होते. पण त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या, ज्या आम्ही शिकलेली माणसे एकत्र कालवीत होतो : घेणाऱ्याची चूक, देणाऱ्याची चूक, आणि कुणाचीच चूक नसलेले संकट. करारातली अट पहिल्या प्रसंगासाठी होती. आम्ही आजारी पडलो असतो, आमचे बेत बदलले असते, तर बाईंनी पैसे ठेवणे सर्वथा योग्य होते. त्यांनी आरक्षण परस्पर मोडले असते, तर सगळे पैसे आमचे होते. पण एप्रिल २०२० ही त्यांचीही चूक नव्हती आणि आमचीही नव्हती. ती दोघांची ढासळलेली विहीर होती.

मी मुलाला म्हणालो, "निम्मे माग."

तो चिडला. "हॉटेलात पूर्ण मिळाले असते, बाबा."

"अरे, हॉटेलाने अडतीसशे घेतले असते. जानेवारीत तू साडेसोळाशे वाचले म्हणालास, ते कशाबद्दल वाचले होते, असे तुला वाटले?"

तो गप्प झाला. मीही गप्प झालो, कारण हा प्रश्न मीही जानेवारीत विचारला नव्हता. हॉटेल आपल्याकडून जास्त पैसे घेते, ते केवळ गालिच्याचे आणि रोजच्या झाडलोटीचे नसतात. मन बदलण्याचा हक्क, संकट आल्यास ते पेढीच्या खात्यावर टाकण्याचा हक्क आणि ज्याला जाब विचारता येतो असा खिडकीमागचा माणूस, या तिन्हींची ती किंमत असते. या तीन गोष्टी सोडून दिल्या, म्हणूनच ती खोली आम्हांला स्वस्त पडली. आणि त्या सोडून देताना त्यांच्या जागी आम्ही एका अनोळखी बाईच्या चांगुलपणावर भिस्त ठेवली. हॉटेलात पैसे परत मिळायला कुणी चांगले असावे लागत नाही, नियम पुरतो. आमच्या व्यवहारात मात्र कुणीतरी चांगले असणे आवश्यक होते, आणि ते कुणीतरी म्हणजे अर्थातच त्या, असे आम्ही गृहीत धरले होते. विश्वासाचा नफा आपल्याला आणि विश्वासाचा तोटा समोरच्याला, असा हा हिशेब. तो कागदावर कुठेही लिहिलेला नव्हता, पण आमच्या डोक्यात पक्का होता.

यावर आक्षेप येईल, आणि तो आमच्या घरातच आला. ही म्हणाली, "ती बिचारी एकटी विधवा. निम्मे तरी कशाला घ्यायचे?" हा प्रश्न मला मुलाच्या प्रश्नापेक्षा अवघड गेला. पण विचार केल्यावर मला वाटले, की बाई विधवा आहेत म्हणून निम्मे नव्हेत आणि त्या श्रीमंत असत्या तर सगळे, असेही नव्हे. समोरच्याच्या परिस्थितीनुसार बदलते ती दया; न्याय तसा बदलत नाही. वाटणी आधी न्यायाने ठरावी. मग आपल्या वाट्यातून दया करायला कुणाची ना नसते. आधीच दया केली, तर समोरच्याला आपण बरोबरीचा माणूस मानले नाही, असे होते. "योग्य काय ते सांगा," असे त्या बाईंनी विचारले होते. "मला सोडा," असे म्हटले नव्हते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे हाच त्यांचा मान होता.

मुलाने पत्र लिहिले. विहिरीची गोष्टही लिहिली. बाईंनी १,०७१ डॉलर तीन हप्त्यांत पाठवले. शेवटचा हप्ता आम्ही परतल्यानंतर, त्या वर्षीच्या दिवाळीत आला. तोवर हप्त्यांची वाट पाहणे मला नकोसे झाले होते. न्याय्य वाटा घेतानाही हात थोडा आखडतो, हे मी त्या वेळी अनुभवले. आबांनी पाठवलेली ज्वारी त्या चुलत्यांच्या घरी काय मनाने घेतली असेल, याचाही विचार पहिल्यांदाच मनात आला. पैसे देणाऱ्याच्या जागी मी नव्हतो, घेणाऱ्याच्या जागी होतो. आबांनी न मागता दिली होती. आम्ही मागून घेतली होती. आणि आम्ही त्या बाईंच्या जागी असतो, तर सही केलेला कागद दाखवून गप्प बसलो नसतो का? मला छातीवर हात ठेवून "नाही" म्हणता येत नाही.

मग सरळ हॉटेलात जावे की दुसऱ्याचे पॉइंट घ्यावेत? मला दोन्हींत पाप दिसत नाही. ज्याच्या घरात म्हातारे माणूस आहे, दुखणे आहे, तारखांचा भरवसा नाही, त्याने हॉटेलाचे पैसे मोजावेत आणि ते महाग म्हणू नयेत. मन बदलण्याचा हक्क फुकट मिळत नाही. ज्याचे बेत पक्के आहेत, त्याने पॉइंट खुशाल घ्यावेत. कुणाचे वाया जाणारे दिवस कुणाच्या उपयोगी पडतात, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्यातून झालेली बचत लगेच आपली समजू नये.

२०२२ साली मुलाने पुन्हा पॉइंट भाड्याने घेतले. आम्ही सगळे फ्लोरिडाला जाऊन आलो. या वेळी कागदावर एक अट त्याने स्वतःहून लिहिली होती : कुणाचीही चूक नसताना जागा बंद झाली, तर नुकसान निम्मे-निम्मे. आणि दोन आकड्यांमधला फरक त्याने वेगळ्या खात्यात टाकून ठेवला होता. तो त्याने परत आल्यावर, सामान उतरवून झाल्यावर काढला. मी विचारले तेव्हा म्हणाला, "तोपर्यंत ते पैसे आपले नव्हतेच, बाबा."