ढोल कोणाचा?



नाताळच्या मिस्साच्या वेळी ढोल वाजला की काहीजण कुजबुजतात, "हा तर होळीचा!" खरेच आहे. अक्कलकुव्याच्या काठीला होळीत ढोलच घुमतो. पण वाद्याला धर्म असतो का? अभंग वारकऱ्यांचे; तरी १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्तासाठी अभंगच रचले. (ते प्रॉटेस्टंट होते, असो.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली लोकांच्या परंपरागत संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यायला सांगितले.

मला खटकते ते वेगळेच. मोठे पाहुणे आले की आपण ढोल काढतो, एरवी कीबोर्ड. मग ती प्रार्थना की पाहुण्यांसाठी देखावा? ढोल वाजवणारे आजोबा दर रविवारी मागे गप्प बसलेले असतात. त्यांच्याकडे ताल शिकायला अजून एकही मूल गेलेले नाही. माझेसुद्धा नाही.