चुकलेल्या उत्तराला 'छान' म्हणावे का?

मुलांना शिकवताना एक प्रश्न वारंवार उभा राहतो. उत्तर चुकले आहे, मुलाचा चेहरा उतरला आहे. अशा वेळी त्याचे मन राखण्यासाठी 'छान, जमतंय तुला' असे म्हणावे का? हे प्रेम झाले की असत्य?

मराठी माध्यमातून दहावी झालेली एक मुलगी अकरावी सायन्सला गेली आणि तिथल्या इंग्रजीने गांगरली. माझ्याकडे आल्यावर तिचे पहिले वाक्य होते, "सर, मला केमिस्ट्री जमणारच नाही." हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी तयार होते, ते समीकरण मी तिला जुळवायला दिले. एक ऑक्सिजन जास्त होत होता, म्हणून तिने पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली लहानसा २ लिहिला. हिशेब जुळला, पण ते पाणी राहिले नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झाले!

'छान' म्हटले असते, तर ती परीक्षेत तोंडघशी पडली असती. नुसते 'चूक' म्हटले असते, तर वही मिटून निघून गेली असती.

मी म्हटले, "अणू म्हणजे काय, रेणू म्हणजे काय, मराठीत सांग." तिने घडाघडा सांगितले. ज्ञान होते, शब्द तेवढे परके झाले होते. मग ताटात तुरीचे दाणे हायड्रोजन म्हणून आणि शेंगदाणे ऑक्सिजन म्हणून जोडीजोडीने मांडले. पाण्याचा एक रेणू झाला, एक शेंगदाणा उरला. मी गप्प बसलो. शिकवणाऱ्याला हेच सर्वांत कठीण जाते. बऱ्याच वेळाने तिनेच तुरीची आणखी एक जोडी उचलली. पाण्याचे दोन रेणू झाले. "सर, पाणी नाही बदलायचं, किती घ्यायचं ते बदलायचं!"

मातृभाषेतून आणि हातांनी शिकणे आपल्या वर्ध्याला नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथेच शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमचा पाया घातला गेला. सेवाग्रामला ते काम वाहून नेणाऱ्या आर्यनायकम् दांपत्यापैकी आर्यनायकम् हे सिलोनहून आलेले ख्रिस्ती बांधव होते.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशूने त्या दोन निराश शिष्यांना आधी प्रश्न विचारला, त्यांचे सगळे ऐकून घेतले. मग त्यांच्या मंदपणाबद्दल बोलही लावले. खोटी समजूत घातली नाही. पण त्यांची सोबतही सोडली नाही. त्यांना ओळख पटताच प्रभू दिसेनासे झाले आणि त्याच रात्री ते दोघे यरुशलेमला परतले.

त्या मुलीचे वाक्य मला आजही पुरते. सत्य बदलायचे नाही. त्यासाठी किती वेळ आणि किती धीर द्यायचा, ते बदलायचे. खोट्या शाबासकीने आलेला आत्मविश्वास पहिल्याच पेपरला गळून पडतो. स्वतः शोधलेल्या एका उत्तराने आलेला टिकतो.

आज घरी मूल एखाद्या गणितापाशी अडले, तर उत्तर सांगू नका आणि रागावूही नका. शेजारी बसा, त्याचे ऐका आणि थोडा वेळ गप्प राहा.