नाकानं मारलेली हाक

सकाळच्या घरात आवाज किती असतात! घड्याळाचा गजर, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, पाळण्यातल्या बाळाचं रडणं. ऐकू येणाऱ्याचा दिवस या आवाजांच्या आधारानं आपोआप पुढे सरकतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मात्र एकेका आवाजासाठी कुणाची तरी वाट पाहावी लागते.

इंग्लंडमध्ये 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था १९८२ मध्ये सुरू झाली. पशुवैद्य ब्रूस फोगल तिच्या संस्थापकांपैकी एक. कर्णबधिर माणसाला साथ देणारी कुत्री ही संस्था तयार करते. या कुत्र्यानं भुंकून काहीच उपयोग नाही. त्यामुळे ते नाकानं ढोसतं किंवा पंजा लावतं आणि धन्याला आवाजापाशी घेऊन जातं. धुराचा भोंगा वाजला, तर मात्र ते धन्याला तिकडे नेत नाही. स्पर्श करतं आणि तिथेच जमिनीवर आडवं होतं. म्हणजे धोका आहे, बाहेर पडा. कुठे न्यायचं आणि कुठे न्यायचं नाही, हा विवेकही त्याला शिकवलेला असतो.

त्याच्या अंगावरचं जाकीट आणखी एक काम करतं. बहिरेपण दिसत नाही. मागून हाक मारली आणि माणूस वळला नाही, की आपण त्याला शिष्ट ठरवून मोकळे होतो. जाकीट घातलेलं कुत्रं सोबत असलं, की तो गैरसमज तोंड उघडण्याआधीच मिटतो.

या संस्थेच्या आश्रयदात्या आहेत राजकन्या अ‍ॅन. त्या काही रोज पहाटे उठून पिल्लांना शिकवत नाहीत. पिल्लं वाढवतात ते साधे स्वयंसेवक, आपापल्या घरात. मग मोठ्या नावाचा उपयोग काय? जाकिटाचा आहे तोच. जे दिसत नव्हतं, तिकडे लोकांची नजर वळवायची. एवढं झालं, की नावानं बाजूला व्हावं. ते समोरच उभं राहिलं, तर फोटोत फक्त पाहुणाच उरतो.

अशाच वळलेल्या नजरांची गोष्ट आपल्या कर्जतजवळच्या वेणगावातही आहे. तिथे 'श्रद्धा' संस्थेचं केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी हे दांपत्य रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या घरी पोचवतं. हे काम १९८८ पासूनचं. सुरुवातीच्या काळात चित्रकारांनी आपली चित्रं देऊन निधी उभारायला मदत केली, बाबा आमट्यांनी बळ दिलं, २०१८ मध्ये डॉ. भरत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रत्येक वेळी आणखी काही नजरा वळल्या. रस्त्यावरचा तो माणूस तोवर दिसत नव्हता असं नाही. रोज दिसत होता, पण लक्ष कुणाचं नव्हतं. त्याला आंघोळ घालणारे, औषध देणारे, गाडीत शेजारी बसून गावापर्यंत सोबत करणारे हात मात्र आजही बहुतेकांना अनोळखीच आहेत.

नजर वळल्यानंतरचं काम असं साध्या माणसांचंच असतं. कर्जत स्टेशनवर खोपोली लोकलचा फलाट ऐनवेळी बदलल्याची घोषणा होते. गर्दी धावते आणि एक जण शांतपणे जागेवरच उभा राहतो. तो बेफिकीर असेल, असं मानून पुढे जाणं सोपं आहे. त्याऐवजी त्याच्या समोर यावं आणि बोटानं फलाट दाखवावा. त्याला ऐकू येत असेल, तर तो हसून आभार मानेल. येत नसेल, तर त्याची गाडी चुकणार नाही. दोन्हीकडून आपलं नुकसान काहीच नाही. मग तो मदत मागेल याची वाट कशाला पाहायची?