धोतऱ्याचा धडा

अफजलपूर तालुक्यातील गाणगापूर हे भीमा-अमरजा संगमावरील दत्तक्षेत्र. भागवतातील ज्या अवधूताला आपण दत्तात्रेय मानतो, त्याच्या चोवीस गुरूंत मधमाशीही आहे. तिच्याकडून आणखी एक गोष्ट शिकता येईल. तिच्या कुळातील नर अफलित अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो. त्याच्या ठायी गुणसूत्रांचा एकच, आईचा, संच असतो.

वनस्पतींतही हे साधते. शिवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्याच्या एका जातीच्या परागकोशांपासून दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा व सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९६४ साली अशी एकगुणित रोपे मिळविली. दुसरा संच नसल्याने अशा रोपाचा कोणताही दोष झाकला जात नाही. ते बहुधा वांझ असते. परंतु कोल्चिसिन या द्रव्याने त्याचा संच दुप्पट केला, की अनेक पिढ्यांनी साधणारा शुद्ध वाण एकाच पिढीत हाती येतो.

कुळाच्या अभिमानासाठी शुद्ध बीजाचा दाखला आपणच शेतातून उचलला आहे. तेव्हा शेताचे म्हणणे पुरते ऐकावे. तेथे शुद्धी म्हणजे दोष उघडे पडणे. आणि तीही अंतिम साध्य नव्हे. मक्यासारख्या पिकात दोन भिन्न शुद्ध वाणांच्या संकरातूनच जोमदार पीक येते. आपण मात्र कुळाच्या नावाखाली दोष झाकतो, इतरांना दूर ठेवतो आणि त्यालाच शुद्धी म्हणतो. देवळाच्या पायरीवर कुळ सांगण्यापूर्वी प्रत्येकाने हे मनाशी तपासावे.